न धुण्याचे कपडे

३ फेब्रुवारी

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडता ठेवून द्याल, अशी धास्ती आहे. म्हणून ख्यालीखुशाली नंतर, आधी कामाचं. मला त्या राखाडी जाकिटाची कृती हवी आहे. बोलणं सुरू करायला काढलेली ही सबब नाही, खरंच हवी आहे.

आपली मालिका संपतेय. बावीस वर्षं अंतराळात भटकून यान एकदाचं घरी पोचणार. शेवटच्या भागात कप्तानबाईंना नवव्या वर्षीचा तो बर्फाचा ग्रह आठवतो, म्हणजे त्यांना पुन्हा त्याच जाकिटात उभं करायचं. कपड्यांची डिझायनर आता एक तिशीतली मुलगी आहे. हुशार आहे, वागायला गोड आहे. मी काही बोलले की वहीत लिहून घेते, त्यामुळे मी हल्ली कमी बोलते. तिने नवं जाकीट शिवून घेतलं, दोन पोरींनी आठवडाभर खपून ते मळवलं आणि काल आम्ही ते पुतळ्यावर चढवून पाहिलं. गटारात पडलेल्या माणसाचं वाटत होतं. कप्तानबाई आल्या, जाकिटाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "हे मी कधी घातलेलं नाही." गेल्या निघून.

मळ लावायचा नसतो, माणूस कुठे कुठे टेकतो ते बघायचं आणि तिथे तो येऊ द्यायचा, असं तुम्ही म्हणायचात. मी पोरींना ते सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. जाकीट आहे तसंच आहे.

कपडेपट तुम्हाला ओळखू येणार नाही. भिंती पांढऱ्या केल्यात. कपड्यांना आता छापील पट्ट्या लावतात, "धुऊ नये" म्हणून, आणि त्याही कॉम्प्युटरवर नोंदवायच्या. आपल्या वेळी काजात लाल रिबीन अडकवली की ते कापड पाण्याला दाखवायचं नाही, एवढ्यावर भागायचं. रिबीन नाही, तर मशीनमध्ये. लोक आपली काय मजा करायचे. एकाच घरातल्या नणंद-भावजया, एक दिवसभर मळवते आणि दुसरी दिवसभर धुते, घरी भांडायला यांना वेळ कधी मिळतो?

ते जाकीट धुतलं गेलं त्याबद्दल मला काही उकरून काढायचं नाही. मॅनेजरांपुढे तुम्ही स्वतःच म्हणालात की रिबीन लावायची राहिली असेल. मला विचारलं तेवढ्याचं मी उत्तर दिलं. तेरा वर्षं झाली त्याला. आता तुमचा भाऊही नाही, मलाही सहा महिन्यांनी साठ पूर्ण होतील. इस्त्री घेऊन उभं राहिलं की गुडघे कुरकुरतात आणि बसून इस्त्री करायला मी अजून शिकलेले नाही.

तुम्ही शाळेचे गणवेश शिवता असं कळलं. कोऱ्या कापडाला कसा काय हात लावता?

कृती पाठवा. नाही पाठवलीत तरी समजेन.

तुमची,
कपडेपटातली

२० फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पाकीट मिळालं. मी दोनदा झटकून पाहिलं, माझ्यासाठी वेगळी चिठ्ठी नव्हती. एकच कागद, वर "कृती" आणि खाली सतरा ओळी. डिझायनरने त्याचा फोटो काढून भिंतीवर लावलाय. माझ्यासाठी काही नसलं तरी अक्षर तेच आहे, 'क'चं पोट फुगलेलं.

"डाव्या बाहीचा काठ आधी. कप्तान डावखुरी आहे." बावीस वर्षं मी त्या बाईंचे कपडे धुतेय, माझ्या कधी ध्यानात आलं नाही. "कोपरावर ब्रश नको, विटेचा तुकडा." "काळा चहा तीन वेळा, दर वेळी पूर्ण वाळवून." "उजव्या खिशाच्या तोंडाशी मेण, कारण विचार करताना ती तिथे अंगठा घासते." आणि शेवटची ओळ, "घाई करू नये." ती बहुधा माझ्यासाठी असावी.

आम्ही आठ दिवस घेतले. परवा कप्तानबाईंनी जाकीट अंगात घातलं, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा अंगठा आपोआप खिशाच्या तोंडाशी गेला. मेण लावलं होतं तिथेच. त्यांनी मान खाली घालून ते पाहिलं आणि जवळच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "त्या कुठे असतात आता? मी त्या दिवशी त्यांना फार लागेल असं बोलले." मी म्हटलं, शाळेचे गणवेश शिवतात.

पत्र इथे संपवायला हवं होतं. पण एक गोष्ट आहे, ती माझ्याकडून कळलेली बरी.

मालिकेत पडद्यामागे काम केलेल्या बायकांवर एक फिल्म करतायत. केसांचे टोप करणाऱ्या, यानाची छोटी मॉडेल बनवणाऱ्या, त्या निळ्या प्राण्यांचे आवाज काढणाऱ्या, सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवतायत. फिल्म करणारी बाई आमच्याकडेही आली. म्हणाली, तुमच्याकडचा तो जाकिटाचा किस्सा हवाच, सगळ्यांनी मला तुमचंच नाव सांगितलं.

हा किस्सा तुमच्या कानावर आला नसेल. नसावा असं वाटतं. कपडेपटात नवीन मुलगी लागली की पहिल्याच आठवड्यात तिला तो सांगतात. नऊ वर्षं खपून मळवलेलं जाकीट, त्यातला प्रत्येक डाग कुठल्या भागातला ते मळवणारीला पाठ, आणि नेमकी तीच रिबीन लावायला विसरली. जाकीट मशीनमधून कोरं करकरीत बाहेर. मग मॅनेजर येतात, आणि मळवणारी मान तिरकी करून, चष्म्यावरून बघत, शांतपणे म्हणते, "मग राहिली असेल." इथे सगळ्या हसतात.

वर "सांगतात" असं लिहिलंय. मी सांगते. नक्कलही मीच करते.

पहिल्यांदा कुणीतरी सहज विचारलं होतं, तुम्ही रिबिनीचा एवढा बाऊ का करता म्हणून. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तुमचा आवाज बाहेर पडला. त्या हसल्या. हसण्यावारी गेलं की पुढचं कुणी विचारत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे सोपं होत गेलं.

महिनाअखेरीस माझं चित्रीकरण आहे. ती फिल्म किती देशांत दाखवणार आहेत कोण जाणे. मी ताप आल्याचं सांगायचा विचार करतेय.

तुमची भावजय

९ मार्च

वन्सं,

रिबीन होती.

मागच्या दोन्ही पत्रांत हेच लिहायला बसले होते. इथवर यायला पाच आठवडे लागले.

तुमचा भाऊ तेव्हा हॉस्पिटलात होता, चौथा आठवडा. सकाळी त्यांच्याकडे, दुपारी कामावर, संध्याकाळी परत त्यांच्याकडे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी कामावर आले की तुम्ही त्यांच्याकडे निघायचात. त्या बुधवारी जाकिटाचा वरून दुसरा हूक लोंबत होता. शिवताना रिबीन सुईच्या आड येत होती, म्हणून मी ती सोडली आणि एप्रनच्या खिशात टाकली. दोन टाके घातले न घातले तोच फोन आला, यांना आत अतिदक्षता विभागात हलवतायत म्हणून. मी जाकीट टेबलावर टाकून धावले. धुलाईच्या मावशींनी टेबल आवरलं. रिबीन दिसली नाही, मशीनमध्ये घातलं. त्यांचं काही चुकलं नाही.

परत आले तेव्हा ते दोरीवर वाळत होतं. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरं वाटलं. माझं अर्धं आयुष्य धुण्यात गेलंय, स्वच्छ कापड दिसलं की जीव निवतो. इतकं सुरेख निघालं होतं ते. राखाडी रंग मुळात किती हलका होता ते मी विसरलेच होते. मग कळलं की काय झालंय.

आदल्या दिवशी कप्तानबाई काजळीने माखून जळक्या यानात शिरल्या होत्या, आणि त्या दिवशी दुसऱ्या बाजूने बाहेर यायच्या होत्या. दुसरं जाकीट आधीच्या वर्षी आगीच्या दृश्यात गेलेलं. बर्फाचा सेट तीन दिवसांत पाडायचा होता. सगळ्या आठवड्याचं काम वाया. मॅनेजर बोळातच उभे राहिले आणि मला विचारलं, "रिबीन होती का?" मी म्हटलं, "नव्हती." तेव्हा ती माझ्या खिशात होती आणि माझा हात तिच्यावर होता.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग त्यांच्याकडे वळून म्हणालात, "मग राहिली असेल."

तुम्हाला शुक्रवारी काढलं. तुम्ही तुमच्या कात्र्या, विटेचे तुकडे, चहाचा डबा, सगळं खोक्यात भरत होतात आणि मी पलीकडे यानातल्या लोकांच्या गणवेशांना इस्त्री करत होते. अठरा गणवेश केले मी त्या दुपारी. एकदाही वळून बघितलं नाही.

आणि तुमच्या भावाला मी काय सांगितलं? ताईंच्या हातून चूक झाली, त्यांनी मनाला लावून घेतलं, आता त्या आपल्याकडे येणार नाहीत. ते बरे होऊन घरी आले, पुढे नऊ वर्षं जगले आणि नऊ वर्षं म्हणत राहिले, "चूक झाली तर झाली. माझ्यावर कसला राग काढतेय ताई?" तुम्हाला पत्रं लिहायचे, तुमच्या दोन-दोन ओळी यायच्या. तुम्हाला खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहून त्यांच्या संसारात विष कालवायचं नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं. त्या दोन ओळी ते मला वाचून दाखवायचे. मी भाजी चिरत असायचे. "बघ, प्रकृतीचंसुद्धा विचारलं नाही," म्हणायचे. मी चिरत राहायचे.

ते गेले तेव्हा तुम्ही आलात, त्यांच्या पायाशी उभ्या राहिलात, पाणीसुद्धा न घेता निघालात. जिन्यापर्यंत मी मागे आले होते. सांगायचं होतं. शेजारीण समोरून आली आणि मी तिच्यासाठी बाजूला झाले.

आज हे लिहिताना एक गोष्ट डोक्यात आली. रिबीन तुम्हीच लावली होती. ती होती हे जगात कुणाला पक्कं माहीत होतं, तर तुम्हाला. तेरा वर्षं मी हे नक्की कुणापासून लपवत होते?

चित्रीकरण पुढे ढकललंय, चार एप्रिलला आहे. मला खरंच ताप आला होता.

उत्तराची अपेक्षा नाही.

तुमच्या भावाची बायको

६ एप्रिल

वन्सं,

तुमचं कार्ड चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी मिळालं. चारच वाक्यं. आता पाठ झालीत.

"मला कशाला सांगतेस? मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. धाकट्याला सांगायला हवं होतंस."

शेवटचं वाक्य वाचून मी कार्ड उलटं ठेवलं. यांना धाकट्या तुम्हीच म्हणायचात. तुम्ही ते लिहिलंत ते बरं केलंत.

चित्रीकरण कपडेपटातच केलं. मला इस्त्रीच्या टेबलाशी उभं केलं होतं, मागे कपड्यांची रांग. आमच्या सगळ्या बायका कॅमेऱ्यामागे जमल्या होत्या. किस्सा तोंडपाठ असला तरी माणसं पुन्हा ऐकायला येतातच. कप्तानबाईही येऊन बसल्या. फिल्मवाली म्हणाली, "करा सुरू, नेहमीसारखं."

मी म्हटलं, "रिबीन होती." त्या हसल्या. त्यांना वाटलं, किश्श्याला नवी सुरुवात लावलीय. मला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्या वेळीही एक-दोघी हसल्या, मग शेजारणीचं तोंड बघून थांबल्या. मग मी सांगत गेले. हूक, फोन, खिसा, बोळ. नक्कल केली नाही. तुमचं वाक्य आलं तेव्हा ते माझ्याच आवाजात म्हटलं, आणि तसं म्हटल्यावर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आलं.

डिझायनर या वेळी काही लिहून घेत नव्हती.

कप्तानबाईंनी विचारलं, "तेव्हाच का नाही बोललात?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

"आधी नोकरी जाईल याची. मग तुमची. पुढे पुढे भीती उरली नव्हती, सवय झाली होती."

त्या उठल्या. "त्या बाईंना मी सगळ्यांदेखत नालायक म्हटलं होतं," एवढं बोलून बाहेर गेल्या. परवापासून त्यांचे कपडे माझ्याकडे येत नाहीत, त्यांची मदतनीस परस्पर धुऊन आणते. चांगली धुते, मी बघितलंय.

फिल्मवालीने कॅमेरा बंद करून विचारलं, "हे नक्की ठेवू ना? तुम्ही हवं तर विचार करा." मी म्हटलं, तेरा वर्षं विचारच केलाय, राहू द्या.

तुम्हाला वाटेल, सांगून टाकल्यावर हलकं वाटलं असेल. लोक तसं म्हणतात. मला नुसता थकवा आलाय. घरी येऊन यांच्या फोटोसमोर बसले होते. त्यांना सांगून बघितलं. फोटोला सांगण्यात काही अर्थ नसतो, ते बोलणं आपलं आपल्यालाच ऐकू येतं. तरी सांगितलं.

तुमची भावजय

४ मे

वन्सं,

यान पोचलं. शेवटचं दृश्य झालं, टाळ्या झाल्या, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेट पाडायला सुतार हजर. आता कपडे खोक्यांत भरायचं काम चालू आहे. बावीस वर्षांचे कपडे, दोनशे चाळीस खोकी होतील असा अंदाज आहे. त्यासाठी एक नवीन मुलगी महिनाभरासाठी ठेवलीय.

शेवटच्या भागाच्या नावांत तुमचं नाव आहे. डिझायनरने स्वतः जाऊन घालून घेतलं. माझ्या सांगण्यावरून नाही. नुसतं "जाकीट" असं लिहिलंय आणि त्यापुढे तुमचं नाव. पडद्यावर फार वेळ राहत नाही, पण मी संकलनाच्या खोलीत बसून पाहिलंय, वाचून होतं.

काल दुपारी मी डबा खाऊन परत आले तर कपडेपटाचं दार लोटलेलं होतं आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. एक पोरगी नव्या मुलीला जाकिटाचा किस्सा सांगत होती, नकलेसकट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकं सगळं सांगूनही या अजून तुमचीच नक्कल करतात? दाराला हात लावला आणि आतून ऐकू आलं, "नव्हती."

फटीतून पाहिलं. गुडघ्यात वाकलेली, खांदे पाडलेले, डावा हात एप्रनच्या खिशात घट्ट धरलेला आणि तोंडावर असा काही साळसूद भाव, की मी क्षणभर आरशाच्याच समोर होते. पोरीला चांगली जमते. नवीन मुलगी पोट धरून हसत होती.

मी बाहेर उभी राहिले. तिला नक्कल पूर्ण करू दिली, शेवटच्या वाक्यापर्यंत. मग दार ढकलून आत गेले. त्या पोरीचा हात तसाच खिशात. मी म्हटलं, "उजवा हात. मी डावखुरी नाही." आणि इस्त्री लावली. कुणीतरी खोकं ओढलं आणि काम सुरू झालं.

तुमची नक्कल मी तेरा वर्षं केली, त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. मला निदान दार ढकलून आत जाता आलं. तुम्हाला तेवढंही मिळालं नाही.

तुमची,
धुणारी